शमी जाळून वाळवंटातला मुक्काम नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा तोंडावर आला की पर्यटन पुरवण्यांत एक ठरावीक छायाचित्र हमखास येतं. वाळूच्या टेकाडावर उभी व्हॅन, मागचं दार उघडं, आत दिव्यांची माळ आणि पुढ्यात धडधडती शेकोटी. खाली ओळ असते ती निर्मनुष्य वाळवंटातल्या मुक्त मुक्कामाची. या एका चित्रात तीन चुका आहेत. साधी टू-व्हील ड्राइव्ह व्हॅन टेकाडावर चढत नाही, आणि कशीबशी चढलीच तर ट्रॅक्टर आल्याशिवाय उतरत नाही. शेकोटीतलं लाकूड बहुधा खेजडीचं असतं. आणि थरचं वाळवंट निर्मनुष्य अजिबात नाही. पुण्या-मुंबईहून अकराशे-तेराशे किलोमीटर व्हॅन हाकत जैसलमेरला जाणारी मराठी मंडळी आता बरीच दिसतात. त्यांना छायाचित्रापेक्षा उपयोगी पडेल असं थोडं लिहितो.

आधी शेकोटीचं. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. राजस्थानचा तो राज्यवृक्ष आहे. तिच्या शेंगा म्हणजे ताटात हौसेने वाढून घेतलेल्या केर-सांगरीतली सांगरी, आणि तिचा पाला हा शेळ्या-उंटांचा दुष्काळातला चारा. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली ही झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. ज्या ओसाड वाटणाऱ्या रानात पर्यटक सरपण वेचतात ते बऱ्याचदा ओरण असतं, म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारखं देवाच्या नावाने राखलेलं कुरण. तिथली वाळकी फांदीही गावकरी बहुधा उचलत नाहीत. म्हणून सरपण वेचूच नये. ऊब हवी असेल तर झोपण्यापूर्वी रबरी पिशवीत लिटरभर गरम पाणी भरून पांघरुणात पायाशी ठेवावं. कढत पाणी ओतू नये, उकळी बसल्यावर पाच मिनिटांनी ओतावं, आणि पिशवीला जुना मोजा चढवावा. पहाटे चारपर्यंत ती कोमट राहते. इंटरनेटवर हल्ली डिझेल हीटरचं फार कौतुक चालतं. थरच्या थंडीला तो खर्च आम्हाला अनाठायी वाटतो.

आता जागा. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे. ते १९८० मध्ये जाहीर झालं. सम आणि खुडीच्या वाळूच्या टेकड्या त्याला लागूनच आहेत, त्यामुळे डांबरी सोडून चार-पाच किलोमीटर आत गेलेली व्हॅन नकळत माळढोक पक्ष्याच्या अधिवासात उभी राहू शकते. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोकाची काय गत झाली हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. उद्यानात रात्रीचा मुक्काम आपल्या मर्जीने करायचा नसतो. दुसरी फसवी जागा म्हणजे खडीन. पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, अशी ही जुनी पद्धत. पेरणीनंतरचे पहिले काही दिवस हे शेत नुसतं सपाट, कडक, स्वच्छ मैदान दिसतं. अगदी व्हॅन लावण्यासाठीच केल्यासारखं! तिसरी जागा टांक्याच्या आसपासची. टांका म्हणजे पावसाचं पाणी साठवण्याची जमिनीखालची टाकी, आणि तिच्या भोवतीचा उताराचा गोल, स्वच्छ राखलेला भाग म्हणजे तिचं पाणलोट. त्यावर चाक गेलं, इंजिनचं तेल ठिबकलं किंवा कुणी भांडी विसळली, तर ते सगळं पुढच्या पावसात एखाद्या घराच्या पिण्याच्या पाण्यात उतरतं. चौथी म्हणजे खोलगटातली पांढुरकी सपाटी. वरचा पापुद्रा वाळलेला आणि खाली चिखल. पायाची टाच जोरात मारून पाहावी; ओलसर माती वर आली तर गाडी पुढे नेऊ नये. हिवाळ्यात तिकडे मावठ येते, म्हणजे आपल्याकडच्या अवकाळीसारखा पाऊस, आणि अशा जागी एका रात्रीत व्हॅन पोटापर्यंत रुतते.

मग उभं कुठे राहायचं? डांबरी रस्त्यापासून दोन-तीनशे मीटरवरची खडकाळ, मुरमाड पठारं सगळ्यांत बरी. दिसायला रुक्ष, पण चाक रुतत नाही आणि वाळूही कमी उडते. जवळच्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, जाऊन विचारावं. वडीलधाऱ्याला ‘राम राम सा’ म्हणून, इथे रात्रभर थांबलो तर चालेल का, एवढं विचारलं की बहुधा नाही म्हणत नाहीत, आणि ओरण कुठे, खडीन कुठे, कुत्री कुणाची हेही तिथेच कळतं. रिसॉर्टवाले आवारात व्हॅन लावू देतात, पण समला रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक चालू असतात, हे गृहीत धरावं.

व्हॅनचं नाक कुठे करायचं याचाही हिशेब आहे. आपल्याकडच्या व्हॅनचं सरकतं दार डाव्या अंगाला असतं. नाक दक्षिणेला केलं तर हे दार पूर्वेला येतं आणि सकाळचं पहिलं ऊन थेट अंथरुणावर पडतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो, त्यामुळे या उन्हाची किंमत मोठी. पण हिवाळी वारा उत्तरेकडून येतो, म्हणजे मागच्या दारातलं स्वयंपाकघर नेमकं वाऱ्याच्या तोंडी येतं. ओटा मागे असेल तर संध्याकाळी नाक उत्तरेला करून स्वयंपाक उरकावा आणि झोपण्यापूर्वी गाडी फिरवावी. हा रोजचा खटाटोप ज्यांना नको त्यांनी व्हॅन बनवतानाच ओटा सरकत्या दाराशी घ्यावा.

टायरांबद्दल चुकीचे सल्ले फार फिरतात. वाळूत हवा कमी करायची हे खरं, पण किती? छोट्या व्हॅनच्या टायरात ३२-३५ पीएसआय असेल तर मऊ वाटेवर २०, फार तर १८. पंधराच्या खाली गेलं की वळताना टायर रिमवरून निसटतो. मोठ्या व्हॅनला ५० च्या आसपास असेल तर ३० पुरे. हवा कमी असताना ताशी तीसच्या वर जाऊ नये आणि डांबरीवर येताच पुन्हा भरावी, नाहीतर टायरची बाजू तापून फाटते. त्यासाठी बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत लागतोच. चाक फिरायला लागून गाडी जागची हलेना, तर त्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा. आणखी दोन सेकंद रेटलं की चाक पाच बोटं खाली जातं आणि गाडीचं पोट वाळूला टेकतं. मग फळ्या टाकूनही उपयोग नसतो, आधी पोटाखालची वाळू उपसावी लागते. जॅक नुसत्या वाळूवर ठेवला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. त्याच्याखाली एक फूट बाय एक फूट, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा हवा. पंक्चर मात्र वाळूत होत नाही, ते वेड्या बाभळीच्या काट्याने होतं. सावलीच्या मोहाने तिच्याखाली गाडी लावू नये.

पाण्याचा हिशेब असा. थंडीतही हवा कोरडी असल्यामुळे माणशी तीन लिटर प्यायला, दोन लिटर चहा-स्वयंपाकाला, एक भांड्यांना आणि दोन हात-तोंड-अंगाला, म्हणजे दिवसाला आठ लिटर. दोघांना पाच दिवसांचे ८० आणि राखीव २०. हे शंभर लिटर वीस-वीसच्या पाच जारमध्ये न्यावेत, एका टाकीत नाही. टाकीला चीर गेली किंवा त्यात खराब पाणी पडलं तर सगळंच गेलं. जार एक गेला तर चार उरतात. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, तेव्हा ते दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, तळाला, पट्ट्याने आवळून. भरायचं ते जैसलमेरमध्ये आरओचं. तिथे जारला ‘कॅम्पर’ म्हणतात. वाटेतल्या कूपनलिकांचं पाणी पुष्कळदा खारट असतं. ते पिऊ नये आणि रेडिएटरमध्ये तर मुळीच ओतू नये. टांक्यातलं पाणी मालकाने स्वतःहून दिलं तर घ्यावं, मागू नये.

भांडी घासायला पाणी लागतं हा शहरी समज आहे. ताट पोळीच्या तुकड्याने पुसून खावं, स्टीलचं भांडं कोरड्या बारीक वाळूने घासावं, फडक्याने झटकावं आणि मग फवाऱ्याच्या बाटलीने विसळावं. दोघांच्या जेवणाची भांडी अर्ध्या लिटरात निघतात. राखेने भांडी घासलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. नॉनस्टिक तवा मात्र पहिल्याच दिवशी कामातून जातो. लोखंडी तवा न्यावा. साबणाचं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतू नये.

स्वयंपाकाला बुटेनची २३० ग्रॅमची डबी सोयीची वाटते, पण पहाटेच्या थंडीत तिची ज्योत मरगळते. बुटेनची वाफ होणंच थंडीत मंदावतं आणि जळता जळता डबी आणखी गार होते. मग माणसं ती चुलीशी शेकायला जातात, आणि तिथे अपघात होतो. पाच किलोचा एलपीजी सिलिंडर बरा. दोघांना तीन आठवडे सहज पुरतो. तो उभा, बांधलेला, आणि त्याच्या कप्प्याच्या तळाला गाडीबाहेर उघडणारं भोक असलेला हवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. डाळ-तांदूळ दुपारीच भिजत घालावेत. दोन शिट्ट्या झाल्या की कुकर उतरवून रजईत गुंडाळून अर्धा तास ठेवावा. अर्धी शिजलेली खिचडी आपोआप पूर्ण शिजते आणि रजईही गरम होते. बाजरीचं पीठ घरून नेऊ नये, पंधरवड्यात कडू होतं. तिकडे ताजं दळलेलं मिळतं.

विजेचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त तक्रारी तिच्याबद्दल असतात आणि निम्म्या वेळा दोष भलत्यालाच दिला जातो. दोघांचा दिवसाचा खर्च साधारण असा: चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज ३०० वॉट-तास, दिवे ५०, फोन आणि लॅपटॉप १२०, पंप-पंखा ३०. म्हणजे पाचशे. १०० अँपिअर-तासांच्या (एएच) लिथियम फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॉट-तास असतात, म्हणजे ढगाळ हवेतही दोन दिवस निघतात. छतावरचा २०० वॉटचा सपाट पॅनल डिसेंबरात दिवसाला साडेपाचशे-सहाशे वॉट-तासांच्या पुढे देत नाही. जैसलमेर २७ अक्षांशांवर आहे, त्यामुळे डिसेंबरातल्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून चाळीस-एक्केचाळीस अंशांच्या वर जात नाही आणि सपाट पॅनलवर ऊन तिरकं पडतं. उत्तरेकडची कड उचलून पॅनल दक्षिणेला ४५ अंशांत कलता केला तर चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढ मिळते. वारा सुटला की तो लगेच आडवा करायचा, नाहीतर बिजागरीसकट उडतो. पॅनलवर रात्रभरात धूळ आणि दव दोन्ही बसतं. सूर्य वर यायच्या आत, दव ओलं असतानाच, फडक्याने एका दिशेने पुसून घ्यावं. पाण्याचा थेंबही लागत नाही. आठ वाजेपर्यंत थांबलात तर त्याच धुळीचा चिखल वाळून पापुद्रा धरतो.

आणि रात्री फ्रीज बंद पडतो तेव्हा बॅटरी नव्हे, वायर तपासावी. सिगारेट लायटरच्या सॉकेटला असते तशी पाऊण चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून पाच मीटरवरच्या फ्रीजला नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर होतात आणि त्यांचा रोध भरतो पाव ओहम. फ्रीज चार अँपिअर घेत असताना एक व्होल्ट वाटेतच संपतो. कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याला आठ अँपिअर लागले तर दोन. बॅटरीवर तेरा व्होल्ट दिसतात, फ्रीजला मिळतात अकरा, आणि तो बॅटरी उतरली असं समजून स्वतःला बंद करतो. मालक मात्र बॅटरीवाल्याला शिव्या घालत बसतो. तेवढंच अंतर चार चौरस मिलिमीटरच्या वायरने नेलं तर चालू फ्रीजला पाव व्होल्टही गमवावा लागत नाही. प्रत्येक वायरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, वीतभराच्या आत हवा. फ्रीजपाशी लावलेला फ्यूज फ्रीजला वाचवतो, वायर घासून पेटली तर गाडीला नाही. खरं तर जानेवारीत फ्रीज न्यायचाच कशाला, असंही आम्हाला वाटतं. भाजी आणि दही बंद डब्यात रात्रभर गाडीखाली ठेवून सकाळी रजईच्या घडीत दडवलं तर दोन दिवस टिकतं.

रात्रीचा मोठा शत्रू थंडी नसून आतला ओलावा आहे. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. थंडी लागते म्हणून सगळ्या काचा घट्ट लावल्या की हे पाणी गार पत्र्यावर आणि काचांवर दहिवरासारखं जमतं, पत्र्याच्या बरगड्यांवरून ओघळतं आणि गादीखाली जातं. तिसऱ्या दिवशी गादी उचलावी तर प्लायवर काळी बुरशी. उपाय सोपा आहे आणि कुणाला पटत नाही: पुढची एक काच आणि मागची एक काच दोन-दोन बोटं उघडी ठेवायची, काचेला जाळी लावून. गादी सरळ प्लायवर न टाकता पट्ट्यांवर टाकायची आणि सकाळी तासभर उभी करायची. पुढच्या मोठ्या काचेला चंदेरी फोमचा पडदा आतून लावायचा. शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर यांपैकी काहीही आत पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पायताणं आत घ्यायची आणि सकाळी झटकून घालायची. विंचू आणि फुरसं दोन्ही तिथले रहिवासी आहेत, थंडीत कमी दिसले तरी.

धुळीचं एक कोडं अनेकांना सुटत नाही. सगळ्या काचा बंद असतात, तरी कच्च्या वाटेने गेल्यावर मागच्या अंथरुणावर पिठासारखा थर कसा बसतो? चालत्या व्हॅनच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, तिथेच धूळ घोटाळत राहते आणि मागच्या दाराच्या रबरातल्या फटींतून आत ओढली जाते. अशा वेळी ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवून जोरात लावावा. आत दाब थोडा वाढतो आणि त्याच फटींतून हवा बाहेर जायला लागते. सरकत्या दाराच्या पन्हाळीत ग्रीस भरू नये, ग्रीस आणि वाळू मिळून घासकागद तयार होतो. कोरडा ब्रश आणि सिलिकॉनचा फवारा एवढं पुरे. एअर फिल्टर दर दुसऱ्या दिवशी काढून झटकावा.

सीमेकडे जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तनोट जैसलमेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. टाकी जैसलमेरलाच भरावी, रामगडच्या पुढे पंपावर भरवसा ठेवू नये. फोनची रेंज वाटेत जाते. अमेरिकेतून सुटीला आलेले नातेवाईक तिकडच्या सवयीने उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र खिशात घालून येतात. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि सीमावर्ती जिल्ह्यात तर चौकशी ठरलेलीच. ड्रोनही घरीच ठेवावा.

शेवटी तो विषय, जो कुठल्याच पुरवणीत नसतो. कोरड्या वाळूत मैला लवकर कुजत नाही. ओल आणि जीवाणू दोन्ही कमी. वीतभर खड्ड्यात पुरलेला कागद वारा आणि कुत्री मिळून आठवड्यात वर काढतात. खड्डा करायचाच तर टांका, नाडी (म्हणजे गावतळं), वस्ती यांच्यापासून किमान शंभर पावलं दूर, आणि कागद पिशवीत परत. त्याहून चांगली सोय म्हणजे झाकणाची बादली आणि नारळाचा भुसा. ६५० ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर भुसा होतो; तो घरीच फोडून उन्हात वाळवून न्यावा आणि दरवेळी दोन वाट्या टाकावा. लघवी वेगळी ठेवली तर वास येत नाही, वासाचं मूळ दोन्ही एकत्र होण्यात आहे. पण हा भुसा शहरातल्या संडासात ओतता येत नाही, नळ तुंबतो. घरी परसात कंपोस्टचा खड्डा असणाऱ्यांनीच हा मार्ग धरावा. बाकीच्यांना वीस लिटरच्या टाकीचा पोर्टेबल संडास बरा. दोघांना तीन-चार दिवस जातो. त्यात फॉर्मालिनचं निळं रसायन घालू नये, ते सेप्टिक टाकीतले जीवाणू मारतं.

ही टाकी रिकामी कुठे करायची? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण व्हॅनवाल्यांसाठी मैला ओतण्याची ठरलेली जागा आपल्याकडून जैसलमेरपर्यंतच्या वाटेवर शोधूनही सापडत नाही. तोवर बाडमेर-जैसलमेरच्या वाटेवरच्या मोठ्या ढाब्याच्या मालकाला सरळ विचारावं, पैसे विचारून द्यावेत, ओतून झाल्यावर दोन बादल्या पाणी टाकून संडास स्वच्छ करावा. अंधारात नाल्यात टाकी उलटी करणारे आपल्यातलेच असतात, हे कबूल करायला हवं.

आपल्या पुरवणीत पुन्हा तसं छायाचित्र आलं, तर कृपया शेकोटी कापून छापा. जागा उरली तर तिथे पाण्याच्या पाच जारचं चित्र चालेल.

आपले,
व्हॅनने वाळवंटात जाणारे काही वाचक, पुणे